मंदीतही भरून निघणारी जहाजं

31 ऑक्टोबर 2009 च्या रात्री डेन्मार्कमधल्या ग्रेट बेल्ट पुलाकडे एक अजस्र जहाज येत होतं. पुलाखाली मोकळी जागा 65 मीटर आणि जहाजाची पाण्यावरची उंची 72 मीटर. म्हणून त्याची धुरांडी आत सरकणारी बनवली होती. ती खाली घेतली गेली. शिवाय वेग मुद्दाम वाढवला, कारण उथळ पाण्यात वेगानं जाणारं जहाज थोडं खाली बसतं. माथ्यावर जेमतेम अर्धा-पाऊण मीटर जागा ठेवून ‘ओॲसिस ऑफ द सीज’ बाल्टिक समुद्रातून बाहेर पडलं आणि फ्लोरिडाच्या वाटेला लागलं.

तोवरचं ते जगातलं सर्वांत मोठं प्रवासी जहाज होतं. लांबी सुमारे 360 मीटर, एका केबिनमध्ये दोघं धरले तरी 5,400 प्रवासी, दिमतीला दोन हजारांवर कर्मचारी, खर्च सुमारे 1.4 अब्ज डॉलर. रॉयल कॅरिबियन कंपनीनं फेब्रुवारी 2006 मध्ये त्याची ऑर्डर दिली, तेव्हा अमेरिकेत घरांचे भाव गगनाला भिडले होते आणि कर्ज सहज मिळत होतं. जहाज हाती आलं तोवर लीमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती आणि अमेरिकेतली बेकारी दहा टक्क्यांवर पोचली होती. एवढं अवजड, एवढं महाग जहाज उतरवायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

तरीही त्या वर्षी क्रूझचे प्रवासी घटले नाहीत, वाढले. उद्योगाच्या संघटनेच्या सदस्य-कंपन्यांनी 2008 मध्ये सुमारे 1 कोटी 30 लाख लोकांना समुद्रावर नेलं होतं. 2009 मध्ये हा आकडा 1 कोटी 34 लाखांच्या आसपास गेला. लोक खर्चाला कात्री लावत असताना चैनीची ही जहाजं भरली कशी, याचं उत्तर त्यांच्या हिशेबात आहे.

जहाज ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सुटतं. त्या क्षणी रिकामी असलेली केबिन त्या फेरीपुरती कायमची वाया जाते. इंधन, बंदराचं शुल्क, कर्मचाऱ्यांचा खर्च, कर्जाचा हप्ता यांतलं बहुतेक काही प्रवासी कमी झाले म्हणून कमी होत नाही. हॉटेलवाला एखादा मजला बंद ठेवू शकतो, कारखानदार एक पाळी कमी करू शकतो; जहाजवाल्याला अर्धं जहाज किनाऱ्यावर ठेवून जाता येत नाही. उलट, जास्तीच्या एका प्रवाशाचा खर्च मुख्यतः त्याच्या जेवणाखाणाचा. म्हणून मंदीत या धंद्याचा नियम एकच असतो: भाडं उतरलं तर उतरू दे, केबिन रिकामी जाता कामा नये. या धंद्यात एका केबिनला दोन प्रवासी म्हणजे शंभर टक्के. तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुलं झोपली की आकडा शंभराच्या वर जातो. 2009 मध्ये कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन्ही बड्या कंपन्यांचा आकडा शंभराच्या वरच होता.

तिकीट ही फक्त सुरुवात असते. एकदा माणूस चढला की त्याच्या हातात जहाजाचं कार्ड येतं आणि आठवडाभर रोख पैशाचं दर्शन होत नाही. दारू, कॅसिनो, स्पा, फोटो, बंदरावरच्या सहली, सगळं त्या कार्डावर चढत जातं आणि शेवटच्या दिवशी एकदम समोर येतं. त्या काळी बड्या कंपन्यांच्या दर चार डॉलर कमाईतला साधारण एक डॉलर असा तिकिटाबाहेरून येत होता. रिकामी केबिन मात्र कॉकटेल मागवत नाही. भाडं पाडून का होईना, ती केबिन भरण्याची धडपड असते ती यासाठीही.

पण भरलेलं जहाज म्हणजे नफ्यातलं जहाज नव्हे. कार्निव्हलची उलाढाल 2008 मध्ये सुमारे 14.6 अब्ज डॉलर होती, ती पुढच्या वर्षी 13.2 अब्जांवर आली, नफा 2.3 अब्जांवरून 1.8 अब्जांवर. रॉयल कॅरिबियनचा नफा तर 57 कोटी डॉलरवरून 16 कोटींवर कोसळला. दोन्ही कंपन्यांनी रोकड हाताशी राहावी म्हणून लाभांश थांबवले. शिवाय पाडलेलं भाडं पुन्हा चढवणं फार कठीण. सहा महिने आधी पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाला शेजारच्या केबिनमधल्यानं निम्म्या पैशांत तिकीट काढल्याचं कळलं, की पुढच्या वेळी तोही शेवटपर्यंत थांबतो. म्हणून कंपन्या शक्यतो छापील भाव तसाच ठेवून जहाजावर खर्चायला थोडे डॉलर देतात किंवा वरच्या दर्जाची केबिन देतात. हा धडा रॉयल कॅरिबियननं इतका मनावर घेतला, की 2015 मध्ये तिनं उत्तर अमेरिकेतल्या सफरींची अगदी शेवटच्या दिवसांतली भावकपात बंद करण्याचं धोरण जाहीर केलं.

‘ओॲसिस’ची रचना याच दृष्टीनं पाहिली पाहिजे. जहाजाच्या पोटातल्या बिनखिडकीच्या केबिनना सर्वांत कमी भाव मिळतो. इथे जहाज मधोमध उघडं ठेवून त्यात हजारो खऱ्या रोपांची ‘सेंट्रल पार्क’ नावाची बाग लावली आणि आतल्या केबिनना त्या बागेवर उघडणाऱ्या बाल्कन्या दिल्या. समुद्र न दिसताही बाल्कनीचे पैसे मिळू लागले. मंदीतही या जहाजाला इतरांहून चढं भाडं मिळालं. नुसता भाव पाडणं आणि लोकांना जादा मोजावंसं वाटेल असं काही बांधणं यांतला फरक तिथे दिसतो.

मंदीत दिसलेली वाढ मात्र मंदीनं आणलेली नव्हती. ऑर्डरपासून जहाज हाती यायला तीन-चार वर्षं लागतात. 2009 मध्ये वाढलेल्या केबिन 2006 च्या सुबत्तेनं मागवलेल्या होत्या. मंदीचा खरा फटका उशिरा बसला, आणि तो गोदीला. नव्या ऑर्डरी आटल्या. 2012 च्या अखेरीस रॉयल कॅरिबियननं ‘ओॲसिस’च्या जातीचं तिसरं जहाज मागवलं, तेव्हा फिनलंड सरकारनं तुर्कूच्या गोदीला हवं असलेलं कर्ज नाकारलं आणि काम फ्रान्समधल्या सॅं-नाझेरला गेलं. ज्या हातांनी ‘ओॲसिस’ घडवलं, त्यांच्याकडून पुढचं जहाज निसटलं.

दुसरा फटका जहाजाच्या पोटात बसतो. गोव्यातल्या, मुंबईतल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी शिपवर असतं: वेटर, स्टुअर्ड, स्वयंपाकी. सहा-नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट, साप्ताहिक सुट्टी नाही. वेटर-स्टुअर्डची खरी कमाई तेव्हा टिपांवर होती. जहाज भरलेलं म्हणजे काम पूर्ण. पण हात आखडून आलेला प्रवासी टिपेलाही हात आखडतो. मालकाचा नफा घटला की ताळेबंदात दिसतो; पाहुण्यांमागे धावणाऱ्याचं घटलेलं पाकीट कुठल्याच तक्त्यात येत नाही.

2020 मध्ये कोविडच्या साथीत हा सगळा हिशेब उलटला. भाव कितीही पाडला तरी विकायला सफरच नव्हती. मुंबईहून 2019 मध्ये सुरू झालेलं ‘कर्णिका’ हे क्रूझ-जहाज सुमारे दीड वर्षातच अलंगच्या किनाऱ्यावर तोडणीला गेलं. त्याच्याइतकंच जुनं, 1990 मध्ये बांधलेलं रॉयल कॅरिबियनचं ‘एम्प्रेस’ विकलं गेलं आणि सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीच्या नावानं मुंबई-गोवा फेऱ्या मारू लागलं. एका कंपनीची अडचण दुसरीला स्वस्तात जहाज देऊन गेली. आपल्या किनाऱ्यावरचा क्रूझ-धंदा असा मंदीच्या ओहोटीतून उभा राहिला आहे.

म्हणून आपण आत्ताच काही ठरवायला हवं. नाविकांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 2015 मध्ये मान्य केला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हा त्यातला नियम आहे. विश्रांतीला जशी किमान मर्यादा आहे, तशीच ठोस मर्यादा टिपेवर न लटकणाऱ्या पगारालाही असायला हवी. तिकिटाचा भाव बाजाराबरोबर खालीवर होणारच, आणि मध्यमवर्गाला समुद्र परवडायचा तर व्हायलाही हवा. त्या उताराचा भार कर्ज काढणाऱ्या कंपनीनं सोसावा, ताट उचलणाऱ्या पोरानं नव्हे.