नोंद ठेवावी की सोडावी?

मोठ्या रासायनिक कारखान्यात तापमान, दाब, प्रवाह मोजणारे हजारभर संवेदक सहज असतात. प्रत्येकाने सेकंदाला एक वाचन दिले, तर दिवसाला ८ कोटी ६४ लाख वाचने जमतील. ती सारी साठवायची का?

समजा, टाकीतील पाण्याचे तापमान ८०.० अंश सेल्सियस आहे. पुढची वाचने ८०.२, ७९.९, ८०.३ अशी आली. एवढे बारीक चढउतार खुद्द मापकामुळेही होतात. म्हणून संगणकाला मर्यादा ठरवून देतात : फरक ०.५ अंशाहून जास्त असेल तरच नोंद करायची. या मर्यादेला ‘डेडबँड’ म्हणतात.

पण फरक कोणापासून मोजायचा? लगतच्या वाचनापासून मोजला, तर घात होईल. तापमान मिनिटाला ०.१ अंशाने चढू लागले, तर लागोपाठच्या वाचनांतला फरक नेहमीच क्षुल्लक राहील. २०० मिनिटांत पाणी १०० अंशांवर उकळू लागेल, दप्तरी मात्र ८० अंशच! म्हणून तुलना नेहमी शेवटच्या साठवलेल्या नोंदीशी करतात. मग पाच मिनिटे उलटताच नवी नोंद होते.

दुसरा प्रश्न : बराच वेळ नोंदच आली नाही, तर तापमान स्थिर आहे की संवेदक बंद पडला? हे कळावे म्हणून ठरावीक काळाने, बदल नसला तरी, एक नोंद करतात.

तापमान एकाच वेगाने चढत असेल, तर मधल्या नोंदीही नकोत. सरळ रेषेची दोन टोके पुरतात. अमेरिकेतील फॉक्सबोरो कंपनीच्या ई. एच. ब्रिस्टल यांच्या अशा पद्धतीला १९८७ मध्ये पेटंट मिळाले. तिचे नाव ‘स्विंगिंग डोअर’, म्हणजे झुलते दार. शेवटच्या नोंदीच्या किंचित वर व किंचित खाली दोन बिजागऱ्या कल्पा. वाचनांगणिक त्यांवरची दारे उघडत जातात. ती समांतर होण्याच्याही पलीकडे उघडली, की आधीचे वाचन साठवायचे व तेथून पुन्हा सुरुवात करायची.

वर्गात हे करून पाहता येईल. गरम पाण्याचे तापमान अर्धा तास दर मिनिटाला लिहा. शेवटच्या ठेवलेल्या नोंदीहून २ अंशांपेक्षा जास्त फरक असलेलीच वाचने निवडून आलेख काढा. पाणी निवू लागते तशा नोंदी विरळ होतात, तरी वक्राचा आकार टिकतो. मग मर्यादा १० अंश करा. वक्राचा बाक नाहीसा होऊ लागेल. कारखान्यात सोडून दिलेले वाचन परत मिळत नाही. म्हणून मर्यादा आधीच विचारपूर्वक ठरवावी लागते.