सुपारीच्या गावात दातांची तपासणी

गुहागरची ओळख नारळ-पोफळीच्या आगरांची. पोफळीची ही सुपारी खाणाऱ्यांनी दातांइतकीच तोंडाच्या आतल्या त्वचेचीही तपासणी करून घ्यावी.

● दात किडायला लागतो तेव्हा दुखत नाही. ठणका लागतो, तोवर कीड बहुधा नसेपर्यंत पोचलेली असते. वेळीच दिसली तर दात भरून भागते; नाहीतर रूट कॅनल, नाहीतर दात काढणे.

● तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

● मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दंतमंजन नव्हे.

● घरी पाहा : स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात जातात का? जात नसतील, तिखटाने आग होत असेल, पांढरा-लाल चट्टा दिसत असेल किंवा दोन आठवड्यांत व्रण भरला नसेल, तर लगेच दाखवा.

● साधारण सहा महिन्यांनी तपासणी करावी. मधुमेहींनी आणि गरोदर महिलांनी हयगय करू नये.

● तपासणीसाठी जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे.

चिपळूणला बाजाराला जाल, तेव्हा दात दुखत नसला तरी दंतवैद्याकडे डोकावून या.