जुनी सुरत पाहावी ई-रिक्षातून

सुरतेचे नाव प्रत्येक मराठी माणसाला शाळेतच कळते. जानेवारी १६६४ ची स्वारी, ऑक्टोबर १६७० ची दुसरी स्वारी, मग राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी केलेला सुरतेचा तह आणि डिसेंबर १९०७ मध्ये जहाल-मवाळ वादात उधळलेले काँग्रेसचे अधिवेशन. मराठी इतिहासाची इतकी वळणे या एका शहरातून गेली आहेत. आजही लग्नाचा बस्ता बांधायला माणसे रिंग रोडच्या कापडबाजारात उतरतात. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे राहतात आणि तिथे अहिराणी सहज कानावर पडते. तरी 'सुरत पाहायला चाललो' असे म्हणणारा माणूस विरळा. याचा दोष पाहणाऱ्याच्या उदासीनतेवर टाकणे मला पटत नाही. जुन्या सुरतेची पाहण्याजोगी ठिकाणे आकाराने लहान आहेत, एकमेकांपासून दूर आहेत, आणि एकेकटी पाहिली तर ती फारसे काही सांगत नाहीत. त्यांना जोडणारा धागा व्यापाराचा आहे. हा व्यापार आज ज्या रूपात कोणालाही चाखता येतो ते रूप म्हणजे इथले खाणे. म्हणून ही ठिकाणे आणि हे खाणे एकाच फेरीत बांधले पाहिजे, आणि त्यासाठी विजेवर चालणारी लहान रिक्षा हेच योग्य वाहन आहे.

सुरुवात चौक बाजारातल्या किल्ल्यापासून करावी. गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात खुदावंद खानाने पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून बचाव म्हणून हा किल्ला बांधला; १५४६ च्या सुमारास तो पुरा झाला. रायगड-प्रतापगड पाहिलेल्या डोळ्यांना तो अगदीच छोटा वाटतो. चार कोपऱ्यांना चार बुरूज, एका बाजूला तापी. पण हे छोटेपण नीट ध्यानात घेतले की १६६४ चा उलगडा होऊ लागतो. मुघल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर राखायला एवढाच किल्ला होता, आणि शहराला धड तटबंदीही नव्हती. सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला आणि विरजी व्होरासारख्या सावकारांचे वाडे उघडे पडले. शिवाजी महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर होता. दरवाजाचे हे नावच सांगते की खानदेश-बुऱ्हाणपूरचा माल त्या वाटेने सुरतेत येत असे. जी तापी खानदेशातून वाहते तीच इथे समुद्राला मिळते, आणि मालही तिच्याच खोऱ्यातून उतरत असे. कपुचिन पाद्री आणि दानधर्मासाठी ख्याती असलेल्या एका दिवंगत दलालाचे घर महाराजांनी सुरक्षित ठेवले, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निए याने करून ठेवली आहे. शहराला विटांची तटबंदी घालण्याचे काम औरंगजेबाच्या हुकमावरून या स्वारीनंतरच झाले. पुस्तकात वाचलेली ही स्वारी किल्ल्यापासून बुऱ्हाणपूर दरवाजाच्या दिशेने जाताना अंतरांसकट कळते. त्या अंतरांशिवाय तिचा आवाका लक्षात येत नाही.

किल्ल्यापासून साधारण दोन किलोमीटरवर, कतारगाम दरवाजाच्या बाजूला, इंग्रज आणि डच दफनभूमी आहेत. सुरतेतले सर्वांत चकित करणारे ठिकाण तेच, असे मी निःसंकोच म्हणेन. १६६४ च्या स्वारीत वखारीचा बचाव करणारा सर जॉर्ज ऑक्सेंडेन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांच्यावर इथे घुमट आणि कमानी असलेला दुमजली मकबरा उभा आहे. व्यापारी कंपनीच्या इंग्रज नोकरांनी मुघल उमरावांच्या थाटात स्वतःची थडगी बांधून घेतली, यावरून त्या काळी या शहरात प्रतिष्ठेचा मापदंड कोण ठरवत होते ते दिसते. डचांच्या बाजूला हेंड्रिक व्हान रीडचा मकबरा त्याहून भव्य आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवून घेणारा हाच अधिकारी. सुरतेकडे येत असताना १६९१ मध्ये तो वारला. शेजारीच अर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. हे सारे पाहून पर्यटक बाहेर पडला की त्याला रहदारी आणि हिऱ्यांचे कारखाने तेवढे दिसतात. पण याच कतारगामच्या शेतांतली पापडी उंधियूसाठी नावाजलेली होती. शेते गेली, पापडीचे नाव राहिले. हिवाळ्यात इथले उंधियू समोर आले की या मातीची गोष्ट थडग्यांपाशी न थांबता पुढे सरकते.

मुघलीसरा भागातली सराई १६४४ ची, शाहजहानच्या काळातली. मक्केला निघालेल्या यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी ती बांधली गेली. मधल्या काळात तिथे तुरुंग होता. एकोणिसाव्या शतकापासून नगरपालिकेची आणि आता महानगरपालिकेची कचेरी तिथेच आहे. पावणेचारशे वर्षांची वास्तू रोजच्या कामात असणे ही कौतुकाची गोष्ट आहे, आणि याच कारणाने ती 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वास्तूपाशी दहा मिनिटे थांबायचे, दरवाजा पाहायचा आणि पुढे जायचे, इतकेच असते. पुढे म्हणजे नानपुऱ्यात. डचांच्या बेकरीत काम करणाऱ्या पारशी माणसाने डच गेल्यावर भट्टी चालू ठेवली आणि तिच्यातून सुरतेची बटर-बिस्किटे व नानखटाई निघाली, असे इथे सांगितले जाते. मक्काई पुलाजवळची दोतीवाला बेकरी हा वारसा १८६१ पासूनचा असल्याचे सांगते. कथेचा तपशील इतिहासकारांनी तपासावा. पण पारशी भट्टीतली नानखटाई हातात घेऊन डच दफनभूमीचा विचार करता येतो, ही सोय फार थोड्या शहरांत आहे. तापीपलीकडच्या रांदेरचेही तसेच. सुरतेहून जुने हे बंदर पोर्तुगीजांनी १५३० मध्ये जाळले. पुढे ब्रिटिश अमलात रांदेरचे व्यापारी रंगूनला गेले, तिथे त्यांनी सुरती जमातीची मशीद बांधली, आणि येताना खाऊसा आणला: शेवया, नारळाच्या दुधाचा रस्सा, वर कुरकुरीत तळलेले पदार्थ. रांदेरच्या गल्लीत मिळणारी ही थाळी म्हणजे ब्रह्मदेशाशी झालेल्या व्यापाराचा पुरावा आहे, आणि तो कुठल्याही संग्रहालयात ठेवता येणार नाही.

'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' ही गुजरातीतली म्हण महाराष्ट्रातही ठाऊक आहे. ती खाद्यप्रेमाची बढाई म्हणून उद्धृत होते. मला तिच्यात बंदराच्या सुबत्तेची खूण दिसते. सकाळी लोचो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले, खमणपेक्षा सैल पीठ. त्यावर तेल, मसाला, शेव, कांदा. सोबत पांढरे इदडे, सेव-खमणी. आश्विनातल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, सारे शहर मावा-पिस्त्याची तुपात घोळलेली घारी आणि तिच्याबरोबर तिखट भुसू खाते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कोवळ्या ज्वारीचा भाजलेला पोंक लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर मिळतो. आपल्याकडच्या हुरड्याचा हा सख्खा भाऊ. आता यातले बहुतेक पदार्थ गरम असताना, बनवणाऱ्याच्या समोरच खायचे असतात. बसमधून उतरलेल्या पन्नास जणांच्या घोळक्याला लोचो नीट वाढता येत नाही. चौघांना येतो.

इथे वाहनाचा मुद्दा येतो. कायद्याने ई-रिक्षात चार प्रवासी बसतात आणि तिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ही मर्यादा म्हणजे दोष. गोपीपुऱ्याच्या लाकडी घरांमधून, आमलीरानमधल्या कवी नर्मदांच्या घराकडे, महिधरपुऱ्याच्या त्या रस्त्याकडे जिथे व्यापारी उभ्याउभ्या कागदाच्या पुड्या उघडून हिरे पाहतात, तिकडे जाताना तीच मर्यादा गुण ठरते. दर दोनशे मीटरला थांबावे लागणाऱ्या फेरीत इंजिन उभ्या गाडीतही इंधन जाळत राहते, विजेची मोटर जाळत नाही. चालकाला मागे वळून बोलता येते आणि ते ऐकू येते. पायी का फिरू नये, असा रास्त प्रश्न कोणी विचारेल. गल्लीच्या आत पायीच फिरावे. पण किल्ला, दफनभूमी आणि रांदेर यांच्यातली अंतरे मे महिन्याच्या उन्हात पायी कापणे सोपे नाही, आणि महाराष्ट्रातून सुरतेला येणाऱ्या कुटुंबांत बहुधा आजी-आजोबा असतात. त्यांना वगळून आखलेली सहल ही अर्धीच सहल.

युरोपचा अनुभव मात्र नजरेआड करून चालणार नाही, कारण तो या सूचनेच्या बाजूचा आहे तसाच विरोधातही आहे. लिस्बनच्या आल्फामासारख्या चढ-उताराच्या जुन्या वस्त्यांत पर्यटक तुकतुकमधून फिरतात, मधेच उतरून दुधा-अंड्याचा पास्तेल द नाता खातात. मूळ आशियातून गेलेले हे वाहन तिथे विजेवर आले, लोकप्रिय झाले, आणि मग इतके वाढले की रहिवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि नगरपालिकेला त्यांच्यावर बंधने घालावी लागली. प्रागने २०१६ मध्ये सेगवे ही दुचाकी विद्युत गाडी शहराच्या मध्यभागातून बंदच केली. वाहन विजेचे झाले म्हणून रस्त्यावरची जागा वाढत नाही, हा धडा स्पष्ट आहे. सुरतेच्या भागळसारख्या ठिकाणी आधीच मुंगीला वाट नाही. तिथे शेकडो नव्या रिक्षा घालणे हा अन्याय होईल. म्हणून संख्या आधी ठरली पाहिजे. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, मोजके परवाने, आणि गर्दीच्या वेळी बाजारपेठेत प्रवेश नाही. एवढे होणार नसेल तर ही योजना न केलेलीच बरी.

परवाने कोणाला, हा प्रश्न याहून नाजूक आहे. सीएनजी रिक्षा चालवणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. उत्तर गुजरातमध्येच सापडते. केवडियात, म्हणजे आजच्या एकतानगरात, पर्यटकांना नेणाऱ्या ई-रिक्षा स्थानिक महिला चालवतात आणि वाहने त्यांना भाड्याने दिली जातात. हाताने ओढायच्या रिक्षा माथेरानमधून सहा महिन्यांत बंद करा, असे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारपुढे हाच केवडियाचा नमुना ठेवला. माणसाने माणूस ओढण्याची प्रथा संपवायला जो मार्ग न्यायालयाला योग्य वाटला, तो सुरतेत तर कमी अडचणीचा आहे. सध्याच्या चालकांना आणि लिंबायत-उधन्याच्या महिलांना प्राधान्य द्यावे, त्यांना शहराच्या इतिहासाचे प्रशिक्षण द्यावे. त्यांतल्या अनेकांना मराठी येते; महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला याहून चांगला वाटाड्या कुठला मिळेल?

'वीज शेवटी कोळशाचीच' हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते हे खरेच, पण अरुंद गल्लीत ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या नाकात जाणारा धूर ई-रिक्षामुळे थांबतो. त्याहून गंभीर गोष्ट बॅटरीची आहे. स्वस्त ई-रिक्षांत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात, आणि त्या निकामी झाल्यावर छोट्या भट्ट्यांत शिसे वितळवले जाते. याचा त्रास गरिबांच्या मुलांना होतो. तेव्हा परवाना लिथियम बॅटरीच्या गाडीलाच द्यावा, वर थोडा खर्च झाला तरी. राहिला रस्त्यावरच्या खाण्याच्या स्वच्छतेचा मुद्दा. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक ही नगरी सोडून पळाले होते. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि हॉटेले यांच्याबाबत जी शिस्त लावली तिचे नाव देशभर झाले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक घेतला. जे शहर हे करू शकले, त्याला पंधरा-वीस खाद्यथांबे तपासून प्रमाणित करणे अवघड नाही.

वेळही हीच आहे. सरथाणा ते ड्रीम सिटी या मेट्रो मार्गाचा जुन्या शहरातला भाग भुयारी आहे आणि त्यावर मस्कती हॉस्पिटल, चौक बाजार ही स्थानके येत आहेत. मेट्रो धावू लागली की रेल्वे स्थानकावर उतरलेला प्रवासी काही मिनिटांत किल्ल्यापाशी असेल. तिथून पुढे त्याला कोण नेणार, हे आज ठरवले नाही तर उद्या रस्त्यावरची गर्दीच ते ठरवील. महानगरपालिकेने चौक बाजार स्थानक खुले होण्याआधी मार्ग, थांबे आणि परवान्यांची संख्या जाहीर करावी. तोवर जाणाऱ्यांनी वाट पाहू नये: जानेवारीत जावे, पोंक आणि उंधियू दोन्ही मिळतात, ऊन सोसवते, आणि साडीखरेदी दुसऱ्या दिवसावर ढकलून पहिला दिवस किल्ला, दफनभूमी आणि रांदेरसाठी राखावा.