अजिंठ्याच्या भिंतीसमोर मुंबईची मुले

मेजर रॉबर्ट गिल मराठी वाचकाला ठाऊक आहे तो पारोवरच्या प्रेमामुळे. त्या प्रेमकथेत त्याचे काम मात्र झाकले गेले. १८४४ पासून जवळजवळ दोन दशके त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलचित्रप्रती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या.

मग काम नव्याने सुरू झाले, आणि या खेपेस कुंचले मुंबईच्या मुलांच्या हाती होते. १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन निजामाच्या मुलखातल्या या लेण्यांत येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हा त्यांतला सर्वांत नावारूपाला आलेला. आत काळोख, भिंती धुराने काळवंडलेल्या, गिलावा सुटत चाललेला. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले. रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशही फासले गेले. पुढे ते पिवळे पडले आणि १९२०च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांना ते काढत बसावे लागले. प्रती पुन्हा लंडनलाच गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतल्याही कितीतरी गेल्या. एकाच कामावर दोनदा आग!

मला मात्र आगीपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक छळते. एवढी वर्षे लेण्यांतल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईची रेषा गिरवलेल्या पेस्तनजींच्या स्वतःच्या चित्रांत अजिंठा कुठे आहे? त्यांनी रंगवली ती पारशी घरे, म्हातारी माणसे, खिडकीतून उतरणारा उजेड. तेही तैलरंगात, पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीने आणि उत्तम. व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडून त्यांनी तैलरंगाचे धडे घेतले, ते मुरले, लेण्यांतले नाहीत. याचा दोष त्यांना देणे सोपे आहे. पण शाळेत शिकवत ते प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश, आणि मुंबईचे शेटजी पैसे मोजत ते हुबेहूब व्यक्तिचित्राचे. अजिंठा भारतीय विद्यार्थ्यांसाठी उत्तम नमुना आहे, असे खुद्द ग्रिफिथ्स यांचे मत होते, तरी नमुना वहीतच राहिला.

१९०९ नंतर ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या बाई प्रती करायला आल्या, तेव्हा कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे तरुण मदतीला आले. त्यांचा मुक्काम मुंबईकरांच्या मानाने अगदी थोडा. पण ते स्वदेशीच्या चळवळीतून, अवनींद्रनाथ टागोरांच्या तालमीतून आलेले. काय शोधायचे ते त्यांना आधीच ठाऊक होते. बंगालच्या चित्रकलेत अजिंठ्याची रेषा उतरली ती अशी. मुंबईत जे. जे.चे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढला तो १९१९ नंतर, आणि तेव्हा मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही शहरांत खरा भारतीय कोण यावर वर्तमानपत्री हमरीतुमरी चालली होती. त्या भांडणात पेस्तनजींच्या पिढीचे नाव कोणी काढत नसे.

ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. आगीतून वाचलेल्या प्रती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भिंतीवरचा जो गिलावा नंतर गळून पडला, त्यावर काय होते हे पाहायला अभ्यासकांना आज या मुलांच्याच प्रतींकडे जावे लागते.