कोर्टाच्या पायरीआधी एकदा समोरासमोर बसू

धुरा हातभर सरकला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत. सून माहेरी गेली ती परतलीच नाही. मजुरीच्या हिशेबावरून मालक आणि सालदार यांचे बोलणे तुटले. अशी भांडणे गावोगाव आहेत. त्यात पहिला बळी जातो तो घरच्या मिळकतीचा, आणि दुसरा लेकरांच्या शिक्षणाचा.

कौंडण्यपूरला उभे राहिले की वर्धा नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा आणि पलीकडे वर्धा जिल्हा दिसतो. तेथे आम्हाला रोहिणी नदी आठवते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील पाण्याचा तंटा सांगितला आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाचांनी तंटा मिटवावा, ही त्याची सूचना होती. संघाने ती मानली नाही, आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. पण मार्ग आजही तोच आहे. मध्यस्थ दोन्ही बाजूंना मान्य हवा, आणि त्याने आधी दोघांचेही पूर्ण ऐकून घ्यावे.

बोलावे कसे?

"तू नेहमी असाच वागतो" म्हटले की समोरचा चिडतो. "मागच्या आठवड्याचे दोन दिवसांचे पैसे बाकी आहेत" म्हटले की त्याला उत्तर द्यावे लागते. एका बैठकीत एकच विषय घ्यावा. जुनी उणीदुणी काढू नयेत. दारू प्यालेल्या माणसाशी त्या दिवशी बोलूच नये. ठरले ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

कायद्याचा आधार

1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयावरच बंधनकारक केले. 1987 च्या विधी सेवा कायद्याने लोक अदालतीला कायदेशीर दर्जा मिळाला. तेथे कोर्ट फी लागत नाही. मात्र तिच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वाचल्याशिवाय सही करू नये. याच कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. राज्यात 15 ऑगस्ट 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीमही सुरू झाली. तिने गावातले तंटे गावातच मिटवण्यासाठी समित्या नेमल्या.

समेट कोठे नाही?

बायकोला मारहाण, हुंड्यासाठी छळ आणि जातीय अत्याचार हे तंटे नव्हेत, ते गुन्हे आहेत. "गावात राहायचे आहे, मिटवून घ्या" म्हणणाऱ्यांच्या दबावाखाली येऊ नका. तेथे पोलीस ठाणेच गाठा. दुबळ्याने गप्प बसणे म्हणजे समेट नव्हे.

बाकीच्या भांडणात मात्र आपणच पहिले पाऊल टाकू. भावाच्या दारात आधी जाणारा लहान होत नाही.