रिमॅप केलेली गाडी चढाला मध्येच दम सोडते? आधी हे तपासा

टर्बो पेट्रोल गाडी रिमॅप केल्यावर ही तक्रार हमखास येते. कोल्हापुरात गाडी मस्त पळते, पण साखरप्याकडून आंबा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की मध्येच पिकअप जातो. पाय काढून पुन्हा दाबला की परत येतो. लगेच टर्बो बदलू नका. या क्रमाने बघा:

१. स्कॅनर लावून चढावर रेकॉर्डिंग करा. उभ्या गाडीत हा दोष सहसा सापडत नाही. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने आकडे बघायचे: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, फ्युएल प्रेशर, मिसफायर.

२. बूस्ट कमी पडतोय? इंटरकूलरचे होज आणि क्लॅम्प बघा. स्मोक टेस्टमध्ये गळती चटकन दिसते.

३. बूस्ट बरोबर, पण मिसफायर? प्लग आणि कॉइल तपासा. दाब वाढला की ठिणगीला गॅप ओलांडणं जड जातं. गॅप ०.८ मिमी असेल तर ट्यूनरला विचारून ०.७ किंवा ०.६ करा.

४. फ्युएल प्रेशर पडतंय? फिल्टर आणि पंप बघा. तोवर गाडीला अजिबात जोर देऊ नका. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळू शकतो.

५. चावी बंद-चालू केल्यावरच पिकअप येतोय? गाडी लिंप मोडला (इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करणाऱ्या मोडला) गेलीय. स्कॅनरवरचे फॉल्ट कोड पुसण्याआधी लिहून घ्या.

होजचा जोड किंवा पाइपचं वेल्डिंग करायचं असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चांगले कारागीर आहेत.

तुमच्या गाडीचे आकडे कॉमेंटमध्ये टाका, मिळून दोष शोधू.