उपवास जुनाच, घड्याळ नवे

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला, पवना धरणाच्या परिसरात वसलेल्या तिकोणा पेठेला उपवास शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र घरोघरी पाळले जाते. आता मोबाइलवरून नवा उपवास आला आहे: सोळा तास पोट रिकामे आणि उरलेल्या आठ तासांत काय ते खाऊन घ्यायचे. वजन घटवण्यासाठी अनेक जण तो कोणालाही न विचारता सुरू करतात.

जुन्या उपवासाने वजन का उतरत नाही, याचे उत्तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीतच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप पडले की एका बशीतून सहज ४००-५०० कॅलरी पोटात जातात. वर दिवसभर गोड चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप झाले, तर २०० कॅलरी नुसत्या साखरेच्याच.

महाराष्ट्रात ‘दिवसातून दोनदाच खा’ हा विचार घराघरांत नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. त्याची प्रेरणा त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्याकडून घेतली. कडक भूक लागेल तेव्हा दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटे चालायचे, अशी ही पद्धत. सतत काही ना काही तोंडात टाकण्याची सवय तिने अनेकांची मोडली, हे तिचे मोठे यश. ५५ मिनिटांचा आकडा मात्र काटेकोर शास्त्र म्हणून घेऊ नये. इन्सुलिन अशा ठोक्यावर चालत नाही, थोडे तर ते उपाशीपोटीही झिरपत असते.

मग घड्याळाने वजन उतरते का? उतरते, पण त्यात घड्याळाची जादू फारशी नाही. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या चाचणीत दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेतच खाणाऱ्यांची तुलना तीन वेळा जेवणाऱ्यांशी केली गेली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर कमी कॅलरींचा आहार दिला गेला. त्यातल्या निम्म्यांनी तो सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खाल्ला. त्यांचे वजन सरासरी ८ किलो घटले, तर वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किलो. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, इतकाच होता. थोडक्यात, खाण्याची खिडकी लहान केली की बहुतेकांचे खाणे आपोआप कमी होते आणि वजन घटते ते त्यामुळे. आठ तासांत दुप्पट खाणाऱ्याची एकादशीच होते!

आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावरही विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. म्हणून काट्याइतकीच शिंप्याची टेपही महत्त्वाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर मधुमेहाचा धोका वाढतो.

सुरुवात सोळा तासांपासून करण्याचे कारण नाही. रात्रीचे जेवण साडेसातला उरकून सकाळी साडेसातपर्यंत काही खायचे नाही, एवढेही पहिल्या महिन्याला पुरे. मधे पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. पुढे जमेल तसा एकेक तास वाढवावा. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बाईने मात्र सकाळची भाकरी सोडू नये. तिला कमी करायचेच असेल, तर रात्रीचे कमी करावे. ताटात आधी उसळ, पालेभाजी, अंडे किंवा मासा आणि मग भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी असा मऊ आणि सुवासिक, की दुसऱ्यांदा कधी वाढून घेतला ते कळतही नाही. प्रथिने कमी पडली, तर चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि उपवास सुटल्यावर वजन परत चढते.

खरा धोका आहे तो मधुमेहाच्या रुग्णांना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि जेवण टाळले, तर साखर झपाट्याने खाली जाते. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी उपवास मोडून लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि मग जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठावे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब उपास केल्यास रक्तात आम्ल साचू शकते आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. गोळ्या मनाने बंद करणेही तितकेच घातक. डोस आणि वेळ आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले, आधीच वजन कमी असलेले वृद्ध यांनी हा उपवास करू नये.